चिठ्ठीवाले रोगी

डॉक्टर मंडळींना तीन जातींचे रोगी आवडत नाहीत. पहिला, बिलाचा आकडा ऐकताच ज्याला एकदम बरं वाटू लागतं तो. दुसरा, दिवसभर घरात खोकत बसून रात्री पावणेदोनला ‘सहज दाखवून घ्यावं म्हटलं’ म्हणत दवाखान्याची कडी वाजवणारा. आणि तिसरा, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच खिशातून चार घड्यांचा कागद काढून तो मांडीवर सरळ करू लागणारा. पहिल्या दोघांना डॉक्टर कालांतराने क्षमा करतात. तिसरा दिसला की मात्र त्यांच्या कपाळावरची एक ठरावीक शीर उडू लागते.

आता या कागदात असतं तरी काय? ‘सोमवार, सकाळी ७ : ताप ९९.२. दुपारी १ : १००.४, पोटऱ्या ओढतात. संध्याकाळी ५ : ९९.८, दीड इडली खाल्ली, चटणी नको वाटली. रात्री ९ : मोजला नाही, भाऊजी आले होते.’ असला निरुपद्रवी मजकूर असतो. पण डॉक्टरांची नजर मजकुरावर नसतेच. ती आधी कागदाच्या जाडीवर जाते, मग तो पाठपोट लिहिलाय की काय याचा अंदाज घेते आणि शेवटी दाराच्या फटीतून बाहेरच्या बाकावरची डोकी मोजून परत येते. त्यानंतर ते म्हणतात, ‘ते राहू द्या हो! तुम्हाला होतंय काय ते सांगा.’

म्हणजे गंमत बघा. काय होतंय तेच तर बिचाऱ्यानं लिहून आणलेलं असतं!

या कागदाला वैद्यकशास्त्रात रीतसर नाव आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्को नावाचे मज्जासंस्थेच्या रोगांचे महापंडित होऊन गेले. खुद्द फ्रॉइड १८८५ साली व्हिएन्नाहून त्यांच्या पायाशी बसायला गेला होता, यावरून काय ते समजा. या शार्कोसाहेबांकडे काही रोगी आपली दुखणी कागदावर टिपून घेऊन यायचे. साहेबांनी त्यांचं नाव ठेवलं ‘छोट्या कागदाचा माणूस’. नुसतं नाव ठेवून थांबले असते तर पॅरिसची थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्यांनी त्याचं निदानच करून टाकलं. ज्या अर्थी कागद आहे, त्या अर्थी दुखणं शरीरात नसून नसांत आणि मनात आहे! पुढे कित्येक वर्षं ‘छोट्या कागदाचा आजार’ हा शब्दप्रयोग डॉक्टरांच्या तोंडी राहिला. अखेर १९८५ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जॉन बर्नम नावाच्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहून निर्वाळा दिला, की कागद घेऊन येणारी माणसं वेडीबिडी नसतात, सांगायचं विसरू नये म्हणून लिहून आणतात, इतकंच. वाण्याच्या दुकानात यादी घेऊन जाणाऱ्या बाईला कुणी मानसोपचाराला पाठवत नाही, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या लक्षात यायला सुमारे शंभर वर्षं लागली.

बरं, या चिठ्ठीचा आद्य लेखक कोण म्हणाल, तर तो एक डॉक्टरच! इटलीत पादुआच्या विद्यापीठात सँटोरिओ नावाचे प्राध्यापक होते. गॅलिलिओच्या वर्तुळातली असामी. या गृहस्थांनी छताला एक मोठा तराजू टांगला आणि त्याच्या एका बाजूला खुर्ची अडकवली. त्या खुर्चीत बसून ते स्वतःचं वजन करत. जेवणाआधी वजन, जेवणानंतर वजन, झोपेआधी, झोपेनंतर आणि इतर विधींच्या आधी व नंतरसुद्धा! जे आत गेलं ते मोजायचं, जे बाहेर आलं तेही मोजायचं. हा उद्योग त्यांनी एक-दोन दिवस नव्हे, सुमारे तीस वर्षं केला आणि १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा हिशेब असा, की माणसानं दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतलं तर त्यातलं पाच पौंड न दिसता, न कळता त्वचेतून आणि श्वासातून उडून जातं. आमच्या घरी महिन्याच्या पगाराचं नेमकं हेच होतं. पण त्यावर पुस्तक लिहायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

सँटोरिओंना कुणी छोट्या कागदाचा माणूस म्हटलं नाही. त्यांना शरीराच्या मोजमापशास्त्राचा जनक म्हणतात. हे बारकाईनं लक्षात ठेवा. एकच वही डॉक्टरनं लिहिली तर शास्त्र आणि रोग्यानं लिहिली तर लक्षण! पुढल्या चारशे वर्षांचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो. पण एका वाक्यात बसतो म्हणून तेवढंच लिहिलं, तर संपादक मानधनही एका वाक्याचंच देतात. तेव्हा पुढे जाऊ.

तराजू काही घरोघरी छताला टांगता येत नव्हता, त्यामुळे डॉक्टर निर्धास्त होते. पहिली खिंड पाडली ती थर्मामीटरनं. जर्मनीत लाइप्झिगला वुंडरलिश नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी सुमारे पंचवीस हजार रोग्यांच्या तापाच्या नोंदी गोळा केल्या आणि १८६८ साली त्याचा ग्रंथ काढला. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब. तो काखेत धरून पंधरा-वीस मिनिटं बसावं लागे. एवढ्या वेळात चांगल्या माणसालाही ताप यावा! मग इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६-६७च्या सुमारास सहा इंची, पाच मिनिटांत काम उरकणारा थर्मामीटर करवून घेतला. झालं! जी वस्तू डॉक्टरच्या खिशात मावू लागते, ती आज ना उद्या रोग्याच्या कपाटात जाऊन बसतेच.

वुंडरलिशसाहेबांनी निरोगी माणसाचं तापमान ठरवून दिलं ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट. आपल्याकडे पुष्कळांच्या तोंडी ९८.४ असतं, पण दोन दशांशांवरून भांडायला नको. कारण १९९२ साली अमेरिकेत निरोगी माणसांची तोंडं पुन्हा तपासली तेव्हा सरासरी निघाली ९८.२. त्याच सुमारास वुंडरलिशचा म्हणून जपून ठेवलेला एक थर्मामीटरही तपासून पाहिला, तर तो दीड-दोन अंश सेल्सिअस जास्तच दाखवत होता! म्हणजे रोग्याच्या हातच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये हे खरंच. पण प्रोफेसरांच्याही आकड्यांना एकदा हात लावून बघावा.

आमच्या लहानपणी घरात थर्मामीटर असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. चाळीत एक थर्मामीटर असला की तो तेरा बिऱ्हाडांत फिरे. तो झटकण्याचं एक शास्त्र होतं. घरातली एकच व्यक्ती तो झटकू शके आणि बाकीचे दोन पावलं मागे सरकून उभे राहत. आई ताप बघून डॉक्टरांना सांगे, ‘एकशे एक आहे.’ डॉक्टर ‘हं’ म्हणत आणि बॅगेतून स्वतःचा थर्मामीटर काढत. तोही एकशे एकच दाखवी. मग डॉक्टर गंभीरपणे सांगत, ‘एकशे एक आहे, बरं का.’ आई तितक्याच गंभीरपणे ‘अगंबाई!’ म्हणे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पुढची पायरी साखरेची. आणि इथे मात्र हा विषय नुसता हसण्यावारी नेता येत नाही.

आज ज्यांच्या बोटाला टोचलं की पाच सेकंदांत आकडा येतो, त्यांना बेनेडिक्ट म्हणजे काय हे सांगून पटायचं नाही. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या आरंभी एक निळं द्रावण तयार केलं. परीक्षानळीत ते पाच मिलिलिटर घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर काही विचारू नका! बॉस्टनच्या एलियट जोस्लिन या डॉक्टरांनी तर १९१८ साली मधुमेह्यांसाठी एक पुस्तकच काढलं आणि ते डॉक्टर व रोगी दोघांनी मिळून वापरायचं आहे, असं नावातच घालून टाकलं. रोग्यानं आपली लघवी आपण तपासावी, हिशेब आपण ठेवावा, असा त्यांचा आग्रह. इन्शुलिनचा शोध लागायलाही तेव्हा तीन वर्षं अवकाश होता. सगळेच डॉक्टर कागद बघून कपाळाला आठ्या घालत नव्हते, याची नोंद इथे इमानदारीनं केली पाहिजे.

आमच्या अण्णांना साखर निघाली ती १९७४च्या सुमारास. अण्णा रेल्वेच्या हिशेब खात्यातले. त्यांनी पहिल्याच दिवशी लाल कापडी पुठ्ठ्याची वही घातली. तारीख, वेळ, रंग, शेरा. मोरीच्या कट्ट्यावर स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, परीक्षानळ्यांची घोडी असा संसार मांडला. ‘माझ्या स्वयंपाकाच्या भांड्याला यातलं काही लागता कामा नये,’ एवढ्या एका अटीवर आईनं त्याला मंजुरी दिली. इन्शुलिनची काचेची सिरिंज उकळायला वेगळं पातेलं आलं. त्यावर तिनं लाल तैलरंगानं फुली मारून ठेवली होती.

अण्णांच्या वहीत पहिले दोन महिने रंगपंचमी होती. मग पथ्य आणि इन्शुलिन यांचा मेळ बसला आणि वही निळी होत गेली. निळा, निळा, निळा. अण्णा ती वही घेऊन दवाखान्यात गेले. आमच्या डॉक्टरांनी ती उघडली, दोन पानं उलटली, मिटली आणि म्हणाले, ‘अण्णा, रंगाचं आम्ही बघतो. तुम्ही पथ्याचं बघा.’

अण्णा परत आले ते अर्धे खट्टू, अर्धे खूश. वही वाचली नाही म्हणून खट्टू. निळी आहे म्हणून खूश.

पण निळ्या रंगाची एक गोम आहे. रक्तातली साखर ठरावीक पातळीच्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. त्यामुळे लघवी निळी दिसली की साखर जास्त नाही एवढंच कळतं. ती बेताची आहे की पार तळाला गेली आहे, हे बेनेडिक्ट सांगू शकत नाही. आणि जे सांगतो तेही दोन-चार तासांपूर्वीचं, लघवी मूत्राशयात साठत होती तेव्हाचं. म्हणजे घरात चोर शिरलेला असताना कालचं वर्तमानपत्र वाचण्यासारखं.

अण्णांना अधूनमधून रात्री दोन-अडीचला दरदरून घाम फुटे. हात थरथरत, भलतंसलतं बोलत. एकदा त्यांनी आईला ‘तिकीट दाखवा’ म्हटलं! आई साखरेचं पाणी पाजी, पंधरा मिनिटांत माणूस ठिकाणावर येई आणि सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नसे. सकाळी वहीत पुन्हा निळा.

आता आईला वही वगैरे ठाऊक नव्हती. तिचं सगळं दप्तर भिंतीवरच्या कालनिर्णयावर. दूध किती, धोबी कधी, सिलिंडर केव्हा लावला. त्याच चौकोनांत ती पेन्सिलीनं बारीक ‘घाम’ असं लिहून ठेवायची. असे चार महिने गेले. एक दिवस तिनं ते कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळी केली, पिशवीत घातलं आणि अण्णांना न सांगता दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, ‘वहिनी, हे काय?’ ती म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही नुसते वार बघा.’

डॉक्टरांनी वार बघितले. घाम बहुतेक सगळा शनिवारचा होता. मधेच दोन एकादश्या. अण्णांचा शनिवार असे. त्या रात्री ते कपभर दूध घेऊन निजत. सकाळचं इन्शुलिन मात्र नेहमीइतकंच. हिशेब खात्यातल्या माणसानं जमेची बाजू रिकामी ठेवून खर्च तितकाच चालू ठेवला होता! डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शनिवारचा डोस कमी केला, रात्री काहीतरी खाल्लंच पाहिजे असं बजावलं आणि आईला म्हणाले, ‘वहिनी, दर महिनाअखेर हे कॅलेंडर इकडे आणायचं. मी बघितल्याशिवाय रद्दीत घालायचं नाही.’ त्या रात्रींपैकी एखाद्या रात्री आईला जाग आली नसती तर काय झालं असतं, हे आम्हा भावंडांना कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

नेमक्या याच काळात तिकडे न्यूयॉर्कला एक इंजिनियर रक्ताच्या साखरेच्या मागे लागला होता. रिचर्ड बर्नस्टाइन त्याचं नाव. बाराव्या वर्षापासून मधुमेही. डोळे, मूत्रपिंडं, पाय अशी एकेक आघाडी पडू लागलेली. १९६९ साली त्याला एका नव्या यंत्राची जाहिरात दिसली. रक्ताच्या एका थेंबावरून साखर सांगणारं यंत्र. वजन तीन पौंड, किंमत ६५० डॉलर. ते होतं मुख्यतः रुग्णालयासाठी. रात्री-अपरात्री बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यालाय की मधुमेही आहे, हे प्रयोगशाळा बंद असताना कळावं म्हणून! रोग्याला ते विकत मिळत नसे. पण बर्नस्टाइनची बायको डॉक्टर होती. तिच्या नावानं यंत्र आलं आणि वापरलं नवऱ्यानं. लग्नाचे अनेक फायदे आजवर ऐकले होते; त्यात हा एक घालून ठेवायला हरकत नाही.

दिवसातून पाच-पाच वेळा बोट टोचून त्यानं आपल्या साखरेचा नकाशाच काढला. कोणत्या अन्नानं किती चढते, कोणत्या डोसानं किती उतरते. त्याप्रमाणे खाणं आणि इन्शुलिन बदललं. तब्येत सुधारू लागली. त्यानं लेख लिहिला आणि वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला. लेख साभार परत! इंजिनियरचा लेख कोण छापणार? मग त्यानं असा उपाय केला की त्याची बरोबरी चिठ्ठीवाल्यांच्या इतिहासात दुसऱ्या कुणी केल्याचं मला माहीत नाही. आपली चिठ्ठी डॉक्टर वाचत नाहीत म्हणून तो स्वतःच डॉक्टर झाला! १९७९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. २०२५ साली तो वारला तेव्हा त्याचं वय होतं नव्वद.

मधल्या काळात जगही हललं. १९७८ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांचे लेख आले, की रोगी घरच्या घरी रक्ताची साखर नीट तपासू शकतात. मग अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रोग्यांवर वर्षानुवर्षं मोठा अभ्यास झाला आणि १९९३ साली निकाल लागला. इन्शुलिन घेणाऱ्यानं साखर वरचेवर तपासून काटेकोर राखली, तर डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो. बेनेडिक्टच्या निळ्या रंगाची सद्दी संपली.

डॉक्टर रागावतील ही भीती कधी कधी डॉक्टरांपेक्षा इतरांनाच जास्त असते. १९६७ साली न्यू जर्सीतल्या ऑर्गनॉन या औषध कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची तरुण चित्रकार कामाला होती. सौंदर्यप्रसाधनांची वेष्टनं काढायची एवढंच तिचं काम. तिथे तिनं आरशावर ओळीनं मांडलेल्या परीक्षानळ्या बघितल्या. डॉक्टरांकडून आलेल्या नमुन्यांवरून दिवस गेलेत की नाही ते ठरवायच्या. ती म्हणाली, ‘एवढंच असेल तर बाईनं घरी का बघू नये?’ घरी जाऊन कागदाच्या क्लिपा ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीचा नमुना करून तिनं आणला. कंपनीचे साहेब हादरले. डॉक्टर आपलं गिऱ्हाईक. तेच रुसले तर? अखेर हॉलंडमधल्या मुख्य कचेरीला ती कल्पना पटली. १९७१ साली तिच्या नावानं पेटंट निघालं आणि वस्तू कॅनडात विक्रीला आली. अमेरिकेत यायला १९७७ उजाडलं. पेटंटचे हक्क तिनं कंपनीला एका डॉलरला दिले. तो डॉलरही आपल्याला मिळाला नाही, असं ती सांगे.

रक्तदाबाची कथा तर आणखी मासलेवाईक. इथे रोग्याची चिठ्ठी डॉक्टरांपेक्षा खरी निघाली. १९४० सालीच बॉस्टनच्या डॉ. आयमन आणि डॉ. गोल्डशाइन यांनी रोग्यांना घरी बी.पी. मोजायला लावलं, तर घरचे आकडे दवाखान्यातल्या आकड्यांपेक्षा खाली! साहजिकच पुष्कळांना वाटलं, रोग्याला मोजता येत नाही. मग १९८३ साली इटलीत मांचिया आणि मंडळींनी रोग्यांच्या धमनीतच नळी घालून ठेवली आणि मग डॉक्टरांना खोलीत पाठवलं. डॉक्टर आत आले की वरचं बी.पी. सरासरी २७नं उडी मारी! पुढे त्यांनी डॉक्टरऐवजी नर्सला पाठवून बघितलं, तर उडी जवळजवळ निम्मी. म्हणजे इतकी वर्षं डॉक्टर जे मोजत होते त्यात थोडा रोग होता आणि थोडे स्वतः डॉक्टर होते. २०११ साली इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शिकेनं सांगून टाकलं, की दवाखान्यातल्या आकड्यावरून रक्तदाबाचा शिक्का मारू नका. दिवसभराचं यंत्र लावा, नाहीतर घरी मोजलेलं बघा.

इथवर वाचून कुणी चिठ्ठीवाला शीळ घालत दवाखान्याकडे निघाला असेल, तर त्यानं जरा थांबावं. डॉक्टरांचीही बाजू आहे आणि ती लंगडी नाही. उत्तर आयर्लंडमध्ये नव्यानंच मधुमेह निघालेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या रोग्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना घरी साखर तपासायला लावलं, निम्म्यांना नाही. वर्षभरानं साखरेत फरक शून्य. फरक पडला तो मनात. तपासणारे जास्त उदास! आकडा दिसतो, पण त्यावर करायचं काय हे ठाऊक नसतं, तेव्हा माणूस नुसता आकड्याकडे बघून झुरतो. मनगटी घड्याळांचंही तसंच. अॅपलच्या घड्याळावर चार लाख एकोणीस हजार माणसांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली छापून आला. नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली हजारी पाच जणांना. त्यातल्या ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत तो विकार सापडला. बाकीच्यांच्या पट्टीत काही दिसलं नाही. पण त्या प्रत्येकाची एक झोप गेली असणार आणि डॉक्टरांची अर्धी. शिवाय आकडे थेट डॉक्टरांच्या फोनवर जाऊ लागले, तर रात्री तीनला आलेला आकडा त्यांनी बघितला नाही याचा जाब कुणी द्यायचा? कडी वाजवणारा रोगी निदान दिसायचा तरी!

हा सगळा वाद मिटवला नाही, पण काही महिने गप्प बसवला तो कोविडनं. २०२१च्या उन्हाळ्यात आपल्याकडे खाट मिळेना, तेव्हा डॉक्टरच फोनवरून पहिला प्रश्न विचारू लागले, ‘ऑक्सिजन किती?’ महाराष्ट्रात घरोघरी माणसं बोटाला चिमटा लावून सहा मिनिटं दिवाणखान्यात येरझारा घालत आणि ९६ की ९३ ते ओरडून सांगत. शंभर वर्षं जी चिठ्ठी डॉक्टरांना नको होती, ती तेव्हा त्यांनी मागून घेतली. त्या चिमट्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं होतं. आपल्या यंत्राची जगाला सर्वांत जास्त गरज पडली त्याच सुमाराला, एप्रिल २०२० मध्ये ते वारले. आणि त्या चिमट्यातही गोम निघालीच. सावळ्या कातडीवर तो कधी कधी आहे त्याहून जास्त ऑक्सिजन दाखवतो, असं २०२०च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं.

मधुमेह्यांनी तर आता चिठ्ठीच्याही पुढे मजल मारली आहे. अमेरिकेतल्या डेना लुइस हिच्या साखरमापकाची घंटा रात्री तिला जागं करण्याइतकी मोठी नव्हती. २०१३ साली तिनं आणि तिच्या जोडीदारानं यंत्रातले आकडे बाहेर काढून घंटा मोठी केली. मग ते आकडे इन्शुलिनच्या पंपाला जोडले आणि २०१५ साली कृती सगळ्यांना फुकट वाटून टाकली. ‘आम्ही वाट बघत नाही’ हे या मंडळींचं ब्रीद. डॉक्टर आधी कचरले. पण २०२२ साली न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी रीतसर चाचणी घेतली, तेव्हा ही घरगुती व्यवस्था साखर चांगली सांभाळते असंच निघालं. आमच्या आईचं कॅलेंडर आणि ही व्यवस्था यांचं गोत्र एकच. रात्री अडीचला कुणीतरी जागं राहायला हवं!

आता राहिला शेवटचा मुद्दा, तो जरा आपल्या पायाशी बघण्याचा. १९८४ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी रोग्यांना साखर मोजायची यंत्रं दिली आणि वहीत आकडे लिहायला सांगितले. यंत्रात आकडे आपोआप साठवणारी एक चकती बसवली होती. ती गोष्ट तेवढी सांगितली नाही. वह्या आणि चकत्या ताडून बघितल्या तर कितीतरी वह्यांत न मोजलेले आकडे होते आणि मोजलेले वाईट आकडे गायब होते! डॉक्टरांना वाटलं, सापडले लबाड. मला वाटतं, त्या वहीकडे नीट बघितलं तर त्यात साखर नसून भीती लिहिलेली दिसेल. ज्या वहीवरून बोलणी बसतात, त्या वहीत माणूस खरं लिहीत नाही. शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आपणच करणाऱ्या देशाला हे समजावून सांगायला नको. ‘हे काय केलंत?’ असं विचारणाऱ्या डॉक्टरांना वही मिळते गुळगुळीत. ‘शनिवारी काय असतं हो?’ असं विचारणाऱ्यांना मिळते खरी.

तशी हल्ली पुष्कळ सुधारणा झाली आहे. ‘आठवडाभर बी.पी. लिहून आणा,’ असं डॉक्टर स्वतःहून सांगतात. परिणामी दवाखान्याच्या बाकावर नंबर लागायची वाट बघत बसलेली मंडळी कंपाउंडरकडून पेन मागून घेतात आणि मांडीवरच्या कागदावर सगळा आठवडा एका बैठकीत उतरवून काढतात. आकडे बहुतेक १२०/८० असतात. खरं वाटावं म्हणून मधे एखादा १३२/८४ घालतात. डॉक्टरही तो कागद हल्ली मन लावून वाचतात. तेव्हा या मंडळींना एकच नम्र सूचना आहे. परवा माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या कागदावर ती हवी होती. जून महिना तीस दिवसांचा असतो.